‘आपण’ आणि ‘आम्ही’ : पर्यावरणनीतीतील कर्त्याचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्यावरणाच्या जागतिक संकटाविषयी गेल्या अर्धशतकात जे तत्त्वचिंतन झाले, त्याचा मोठा भाग मूल्याच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. निसर्गाला स्वतःचे असे मूल्य आहे, की माणसाच्या उपयोगी पडण्यातच त्याचे मूल्य सामावलेले आहे, हा त्या चिंतनातील मध्यवर्ती वाद होय. त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुधा न विचारताच सुटला असे मानले गेले. तो प्रश्न कर्त्याचा आहे. निसर्गाचा ऱ्हास कोणी केला, तो कोणाच्या वाट्याला आला आणि तो थांबविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे समजून पुढचा विचार झाला. या समजुतीला आधार मिळाला तो भाषेतील एका लहानशा शब्दाचा. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम हा तो शब्द होय.

हे सर्वनाम ऐकणाऱ्याला आत घेते की बाहेर ठेवते, हे इंग्रजीत शब्दावरून कळत नाही. संदर्भावरून ताडावे लागते. मराठीत बोलणाऱ्याला ही संदिग्धता उपलब्ध नाही. ‘आम्ही निघतो’ असे म्हटले, की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण निघू’ असे म्हटले, की तोही बरोबर निघतो. समावेशक आणि व्यावर्तक प्रथमपुरुषाचा हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे. प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या संपर्कातून आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. त्याचा उगम काहीही असो, मराठीत सामूहिक कृतीविषयी एखादे विधान करायचे, तर ऐकणारा त्या कृतीत सामील आहे की नाही, याचा निर्णय बोलणाऱ्याला आधीच करावा लागतो.

पर्यावरणनीतीतील मूलभूत मतभेद नेमका याच रेषेवर उभा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. तसेच, जो भेद मराठीच्या हाती आयता आहे, त्याचा उपयोग मराठीतील पर्यावरणविषयक लेखन आणि त्या लेखनाची समीक्षा यांनी अद्याप पुरेसा केलेला नाही, असेही त्याचे म्हणणे आहे.

२. विस्तारणारे वर्तुळ

पाश्चात्त्य पर्यावरणनीतीच्या आरंभीच्या लेखनात ज्यांचा हमखास उल्लेख होतो, त्यांत मध्ययुगाचे इतिहासकार लिन व्हाइट यांचा १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निबंध अग्रभागी आहे. परिसर-संकटाची ऐतिहासिक मुळे शोधणाऱ्या या निबंधाने पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील मानवी स्वामित्वाच्या कल्पनेला जबाबदार धरले आणि तिला पर्याय म्हणून असिसीच्या संत फ्रान्सिसची आठवण दिली. या निबंधाच्या शीर्षकात ‘संकट’ या शब्दाआधी प्रथमपुरुषी षष्ठी आहे. मराठीत भाषांतर करणाऱ्याला तेथेच थांबावे लागते. ‘आपले संकट’ म्हणायचे की ‘आमचे संकट’? निबंधात सांगितलेला इतिहास लॅटिन ख्रिस्ती जगाचा, त्याच्या नांगराचा, त्याच्या तंत्रविद्येचा आणि त्याच्या ईश्वरशास्त्राचा आहे. म्हणजे आशयाच्या दृष्टीने ‘आमचे’ हेच भाषांतर योग्य ठरते. परंतु निबंधाचा रोख साऱ्या मानवजातीकडे आहे, आणि त्या दृष्टीने ‘आपले’ म्हणावे लागते. आशयात मर्यादित असलेला कर्ता शीर्षकात अमर्याद होतो, आणि इंग्रजी वाचकाला या स्थित्यंतराची जाणीवही होत नाही.

ऑस्ट्रेलियात अध्यापन करणारे तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथील जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत मांडलेला ‘अखेरचा माणूस’ हा कल्पनाप्रयोग सुप्रसिद्ध आहे. जगबुडीनंतर एकच माणूस उरला आहे आणि मरण्यापूर्वी तो जमेल तितकी जीवसृष्टी नष्ट करीत सुटला आहे, अशी ती कल्पना. त्याच्या कृतीने कोणत्याही माणसाचे नुकसान होत नाही. म्हणून प्रचलित नीतिशास्त्राला त्यात काही वावगे दाखविता येत नाही. तरीही ती कृती निंद्य वाटते. म्हणून नव्या नीतिशास्त्राची गरज आहे, असा राउटली यांचा युक्तिवाद. निसर्गाचे अंगभूत मूल्य सिद्ध करण्यासाठी हा प्रयोग प्रभावी आहे. परंतु ते मूल्य सिद्ध करण्याची किंमत म्हणून त्यातून समाज पूर्णपणे वगळावा लागला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अखेरच्या माणसाला शेजारी नाही, मजूर नाही, मालक नाही. प्रत्यक्षातील जंगलतोड मात्र नेहमीच अनेक माणसांच्या परस्परसंबंधांतून घडते.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ या ग्रंथातील भूमिनीतीच्या विवेचनाचा आरंभ मोठा सूचक आहे. ट्रॉयहून परतलेला ओडिसियस आपल्या घरातील दासींना फासावर देतो. त्या काळी दासी ही मालमत्ता असल्यामुळे त्यात नीतीचा प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे नीतीचे वर्तुळ विस्तारत गेले. आता त्यात माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांना घ्यावे, असे लिओपोल्ड यांचे आवाहन आहे. माणसाने भूमीचा विजेता न राहता त्या समुदायाचा साधा घटक व्हावे, ही त्यांची भूमिका आजही आदरास पात्र आहे. मात्र ‘विस्तारणारे वर्तुळ’ या प्रतिमेत एक गृहीत दडलेले आहे. वर्तुळ बाहेर सरकते तेव्हा आतले सर्व काही मार्गी लागलेले असते, दासी आत आलेली असते, आता केवळ झाडाची पाळी आहे, असे ते गृहीत आहे.

नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ साली ‘उथळ’ आणि ‘सखोल’ परिस्थितिकी असा भेद मांडला. स्पिनोझा आणि गांधी या दोघांचाही सखोल अभ्यास केलेल्या नेस यांच्या विचारात ‘आत्मसाक्षात्कार’ ही संकल्पना केंद्रस्थानी आहे, आणि तिच्यावर भगवद्गीतेचा प्रभाव आहे. ‘स्व’ची कक्षा रुंदावत गेली की नदीची हानी ही स्वतःचीच हानी वाटू लागते, मग निसर्गरक्षण हे कर्तव्य म्हणून लादावे लागत नाही, असे ते म्हणतात. मराठी वाचकाला येथे ‘आपण’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आठवावा. ‘ज्याने त्याने आपले काम आपण करावे’ या वाक्यातील ‘आपण’ म्हणजे स्वतः. समावेशक ‘आपण’ आणि आत्मवाचक ‘आपण’ हे एकाच शब्दात राहतात, आणि नेस यांचे तत्त्वज्ञान जणू या दोहोंतील अंतर मिटवू पाहते. त्यातील धोका ऑस्ट्रेलियन स्त्रीवादी तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिला. विस्तारलेला ‘स्व’ हा अखेर ‘स्व’च असतो, दुसऱ्याला सामावून घेताना तो त्याचे दुसरेपण गिळून टाकण्याची शक्यता असते.

३. दक्षिणेचा ‘आम्ही’

या साऱ्या विचारव्यूहाला व्यावर्तक प्रथमपुरुषात दिलेले पहिले ठोस उत्तर भारतातून गेले, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली ‘एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात सखोल परिस्थितिकीच्या अमेरिकन आविष्काराची तिसऱ्या जगाच्या दृष्टीने चिकित्सा केली. मानवकेंद्री की जीवकेंद्री, या वादाने संकटाची दोन खरी कारणे, म्हणजे औद्योगिक राष्ट्रांचा व तिसऱ्या जगातील नागर अभिजनांचा अतिउपभोग आणि वाढते लष्करीकरण, समजून घेण्यास फारशी मदत होत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. निर्मनुष्य अरण्याच्या रक्षणाचा आदर्श दाट वस्तीच्या आणि दीर्घकालीन कृषिसंस्कृतीच्या देशात आणला, की त्याची किंमत जंगलाच्या आश्रयाने जगणाऱ्या गरिबांना मोजावी लागते, हे त्यांनी व्याघ्रप्रकल्पाच्या उदाहरणाने दाखविले. पौर्वात्य धर्मपरंपरांना सरसकट निसर्गपूजक ठरवून त्यांचा दाखला देण्याच्या प्रवृत्तीवरही त्यांनी टीका केली.

दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांची ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने प्रसिद्ध केली. अमेरिकेतील एका संशोधनसंस्थेने १९९० च्या अहवालात भारत, चीन आणि ब्राझील यांची गणना मोठ्या उत्सर्जक देशांत केली होती. भाताच्या खाचरांतून व गुरांच्या रवंथातून येणारा मिथेन आणि मोटारींच्या धुराड्यांतून येणारा कार्बन एकाच तराजूत घालता येत नाहीत. वातावरणाची कार्बन पचविण्याची क्षमता ही साऱ्या मानवजातीची सामायिक मत्ता असून तिची वाटणी दरडोई व्हायला हवी, असे या पुस्तिकेचे म्हणणे होते. अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी १९९३ मध्ये ‘निर्वाहाचे उत्सर्जन’ आणि ‘चैनीचे उत्सर्जन’ हा जो भेद तात्त्विक परिभाषेत रूढ केला, त्याच्यामागेही हाच विचार आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात या वादाचा निर्णय होण्याऐवजी त्याची तडजोड झाली. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाचे शीर्षकच मानवजातीच्या सामायिक भवितव्याविषयी होते. ते निःसंशय ‘आपण’चे शीर्षक होय. १९९२ च्या रिओ परिषदेतील हवामानबदलविषयक करारात मात्र ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे सूत्र आले. या सूत्रातील ‘सामायिक’ हा शब्द ‘आपण’चा आहे, ‘भिन्न’ हा ‘आम्ही’चा आणि ‘तुम्ही’चा. मधल्या ‘परंतु’वर नंतरची सारी वाटाघाट तोलून राहिली. १९९७ च्या क्योटो कराराने बंधनकारक लक्ष्ये केवळ औद्योगिक राष्ट्रांवर ठेवली. २०१५ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राने आपले योगदान आपणच ठरवावे असे म्हटले. त्याच पॅरिस निर्णयात, हानी आणि नुकसानीविषयीच्या कलमाच्या आधारे दायित्वाचा किंवा भरपाईचा दावा करता येणार नाही, असेही नमूद झाले. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे नुकसानीसाठी स्वतंत्र निधी स्थापण्याचे ठरले, तेही साहाय्याच्या भाषेत. साहाय्य ‘आपण’मध्ये बसते, भरपाईसाठी ‘तुम्ही’ म्हणावे लागते. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताने नोंदविलेला तीव्र आक्षेप केवळ रकमेच्या तोकडेपणाविषयी होता असे समजणे अपुरे ठरेल. ती रक्कम ऋण म्हणून येते की दान म्हणून, हा त्यामागील नैतिक प्रश्न आहे.

४. ‘आम्ही’च्या आतील भिंती

येथपर्यंतचे विवेचन मराठी वाचकाला सुखावणारे आहे. नेमकी येथेच सावधगिरीची गरज आहे. इतिहासातील एकूण जीवाश्म-कार्बनपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे आणि भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे; भारताचे दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन, तर अमेरिकेचे त्याच्या सुमारे सातपट आहे. ही आकडेवारी खरी आहे, आणि तीवर आधारलेला न्यायाचा दावाही खरा आहे. परंतु ‘दरडोई’ ही सरासरी आहे. मुंबईतील वातानुकूलित इमारतीत राहणारा आणि गडचिरोलीतील पाड्यावर राहणारा यांना ती एकाच ‘आम्ही’मध्ये बसवते. ग्रीनपीस इंडियाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे शीर्षकच ‘गरिबांच्या आड लपणे’ अशा अर्थाचे होते. जे राष्ट्र जागतिक व्यासपीठावर ‘आम्ही’ म्हणून न्याय मागते, तेच देशांतर्गत व्यवहारात ‘आपण’ म्हणून त्याग मागते, आणि तो त्याग ठरावीक लोकांच्याच वाट्याला येतो.

महाराष्ट्रात या व्यवहाराचा इतिहास हवामानबदलाच्या चर्चेपेक्षा कितीतरी जुना आहे. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशीचा सत्याग्रह पर्यावरणनीतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आधारभूत उदाहरण म्हणून यावा, इतका त्याचा आशय आजचा आहे. टाटांच्या कंपनीचे धरण मुंबईला वीज पुरविणार होते. कोळशाऐवजी पाण्यावर चालणारी ती वीज आजच्या परिभाषेत ‘स्वच्छ’ ठरली असती. धरणाच्या बाजूने लोकहिताचा, उद्योगाच्या वाढीचा आणि राष्ट्राच्या प्रगतीचा युक्तिवाद होता. विरोधात होती मावळ्यांची वडिलार्जित जमीन. सत्याग्रह अपयशी ठरला, धरण झाले. लोकहिताच्या त्या ‘आपण’मध्ये मुळशी पेट्यातील शेतकऱ्याला जागा होती, ती केवळ देणारा म्हणून.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी १९९१ साली आली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची ही कहाणी सामान्यतः सामाजिक किंवा राजकीय कादंबरी म्हणून वाचली जाते. तिची नोंद ‘पर्यावरणीय साहित्या’त क्वचितच होते, कारण तिच्यात निसर्गाचे रमणीय वर्णन हा मुख्य व्यापार नाही. विस्थापनाचे कर्ते कोण, फायलींच्या, मोजण्यांच्या आणि मोबदल्याच्या व्यवहारात ते कोठे बसलेले असतात, हे ती कादंबरी दाखवते. पर्यावरणनीतीचा गाभा जर कर्त्याचा प्रश्न असेल, तर या कादंबरीला त्या वर्गाबाहेर ठेवणारे वर्गीकरणच तपासायला हवे.

५. ‘मानव’ नावाचा कर्ता

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ साली ‘क्रिटिकल इन्क्वायरी’मध्ये मांडलेल्या चार प्रमेयांत असे सुचविले, की भांडवलशाहीची चिकित्सा आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही, माणूस आता भूशास्त्रीय शक्ती बनला आहे आणि त्याचा विचार एक प्रजाती म्हणूनही करावा लागेल. संकट टोकाला गेल्यास श्रीमंतांनाही सुटकेच्या नौका उपलब्ध नसतील. पॉल क्रुट्झेन आणि यूजीन स्टोर्मर यांनी २००० साली प्रचारात आणलेली ‘मानवयुग’ ही संज्ञा याच जाणिवेची खूण आहे. भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये तिला अधिकृत कालखंडाचा दर्जा नाकारला, तरी मानव्यविद्यांतील तिचे वजन त्यामुळे कमी झालेले नाही.

अँड्रियास माल्म आणि आल्फ हॉर्नबोर्ग यांनी २०१४ मध्ये चक्रवर्तींच्या या मांडणीला उत्तर दिले. वाफेचे यंत्र मानवजातीने मतदान करून स्वीकारले नाही. ते मूठभर ब्रिटिश भांडवलदारांनी बसविले. प्रजातीला कर्ता मानले की सत्तेचा इतिहास पुसला जातो, असा त्यांचा आक्षेप आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, असे म्हणून हा वाद सोडून देण्याची प्रथा आहे. परंतु कर्त्याच्या प्रश्नाचे तीन भाग वेगळे केले तर वाद पुष्कळसा सुटतो. कारणाच्या बाबतीत ‘आपण’ म्हणणे असत्य आहे. तेथे ‘तुम्ही’, ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांची नेमकी गणना केली पाहिजे. परिणामाच्या बाबतीत ‘आपण’ अंशतः सत्य आहे. उष्णतेची लाट सर्वांवर येते, पण उन्हात काम करणाऱ्यावर आधी येते. उपायाच्या बाबतीत मात्र ‘आपण’ हे विधान नसून आवाहन आहे. ते अजून खरे नाही, खरे करायचे आहे. चक्रवर्ती परिणामाविषयी बोलतात, माल्म आणि हॉर्नबोर्ग कारणाविषयी. गोंधळ होतो तो परिणामाचे सर्वनाम कारणाला लावल्यामुळे.

मराठीतील पर्यावरणविषयक गद्य या गोंधळाने भरलेले आहे. शालेय निबंधापासून संपादकीयापर्यंत ‘मानवाने निसर्गावर आक्रमण केले’ हे वाक्य ठरलेले असते. ‘मानव’ हा शब्द मराठीत बोलण्यात क्वचितच येतो; कोणी शेजाऱ्याला मानव म्हणत नाही. ज्याला पत्ता नाही, जात नाही, वर्ग नाही, असा हा कर्ता आहे. याची जोडीदार म्हणजे कर्ता लोपलेली कर्मणी रचना : जंगले तोडली गेली, नद्या दूषित झाल्या, टेकड्या सपाट करण्यात आल्या. कोणी तोडली, कोणी केल्या, हे सांगण्याची सोय मराठीत आहे. ती वापरली जात नाही. अशा वाक्यांतून पश्चात्तापाचा सूर उमटतो, पण तो कोणालाच लागू होत नाही. सर्वांवर सारखे टाकलेले अपराधाचे ओझे कोणाच्याही खांद्याला जाणवत नाही.

परंपरेचा आधार घेऊन या पेचातून सुटण्याचा एक मार्ग सुचविला जातो. पृथ्वीला कुटुंब मानणारे संस्कृत वचन २०२३ साली भारताच्या अध्यक्षतेखालील जी-२० परिषदेचे बोधवाक्य होते. त्याची उदात्तता मान्य करूनही एवढे म्हणावे लागते, की कुटुंब ही समतेची हमी देणारी संस्था नाही. कुटुंबात कोण आधी जेवतो आणि कोणाच्या वाट्याला उरलेसुरले येते, हे मराठी स्त्रीलिखित आत्मचरित्रांच्या अभ्यासकाला सांगण्याची गरज नाही.

६. ऐकणारा कोण?

‘आपण’ या शब्दाची आणखी एक अट आहे आणि ती पर्यावरणनीतीला अधिक खोलवर नेते. ‘आपण’ म्हणायला समोर ऐकणारा असावा लागतो. ज्याला उद्देशून बोलता येते, जो होकार देऊ शकतो आणि नकारही देऊ शकतो, त्यालाच ‘आपण’मध्ये घेता येते. भावी पिढ्या अजून ऐकू शकत नाहीत. हान्स योनास यांनी १९७९ च्या आपल्या जर्मन ग्रंथात उत्तरदायित्वाचे तत्त्व भावी मानवाच्या अस्तित्वाशी जोडले, कारण त्या मानवाशी परस्परसंबंधाचा करार करणेच शक्य नाही. पशुपक्षीही या अर्थाने श्रोते नाहीत. म्हणून त्यांना ‘आपण’मध्ये सामावून घेतल्याची घोषणा करणे सोपे असते : ज्याला नकार देता येत नाही, त्याचे प्रतिनिधित्व कोणीही करू शकतो.

माळढोक पक्ष्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. देशात आता दीडशेच्या आसपासच उरलेल्या या पक्ष्याचा मोठा अधिवास राजस्थानात आहे, आणि तेथील उघड्या माळांवरून सौर व पवन ऊर्जेच्या उच्चदाब वाहिन्या जातात. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला, आणि त्याच निर्णयात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून निष्पन्न होतो, असे म्हटले. म्हणजे नागरिकाचा नवा हक्क ज्या निकालात जन्माला आला, त्याच निकालात पक्ष्याचे संरक्षण आकुंचित झाले. येथे खलनायक शोधणे व्यर्थ आहे. दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच आहेत, आणि दोन्हींच्या वतीने माणसेच बोलत होती.

महाराष्ट्रात याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत स्थापन झालेले अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे होती, शेते होती, आणि जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांचा जाच शेतकऱ्यांना दीर्घकाळ झाला. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. तोवर नान्नजच्या माळावरचा माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. पक्ष्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी माळावर राहणाऱ्याला श्रोता मानले असते, तर पक्षी वाचला असता असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु नकाशावर रेषा ओढताना ज्यांना विचारले गेले नाही, त्यांच्याकडून आत्मीयतेची अपेक्षा करण्याचा अधिकार रेषा ओढणाऱ्याला उरत नाही, हे निश्चित.

याच्याशी ताडून पाहण्याजोगी संस्था म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे त्यांचे परिसरवैज्ञानिक महत्त्व जगापुढे आले. देवराई ‘आमची’ही नसते आणि ‘आपली’ही नसते, ती देवाची असते. मालकी प्रथमपुरुषातून काढून तृतीयपुरुषाकडे सोपविण्याची ही युक्ती आहे. तीमुळे राईच्या वतीने बोलण्याचा मक्ता कोणा एकाकडे राहत नाही, आणि राईतून काय घ्यायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. देवाच्याच नावाने राई तोडून सिमेंटचे देऊळ बांधल्याची उदाहरणे आहेत, आणि गावातील उच्चनीचभाव राईच्या सीमेवर थांबत नाही. तरीही मर्यादा आधी आणि मूल्य नंतर, हा देवराईचा क्रम पर्यावरणनीतीने विचारात घेण्यासारखा आहे. निसर्गाचे अंगभूत मूल्य सिद्ध होईपर्यंत हात आवरता घेण्यासाठी थांबण्याची गरज नसते.

७. समीक्षेपुढील काम

मराठी विभागांत अलीकडे पर्यावरणवादी समीक्षेच्या नावाने जे काम होते, त्यात कवितासंग्रहातील झाडे, पक्षी आणि नद्या यांची यादी करून कवीची ‘पर्यावरणीय जाणीव’ सिद्ध करण्याकडे कल दिसतो. अशा यादीने प्रबंधाची पाने भरतात, पण प्रश्न जागचा हलत नाही. निसर्गप्रेम आणि पर्यावरणनीती या एक गोष्टी नाहीत. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ हे १९५६ चे पुस्तक निसर्गाकडे पाहण्याची असाधारण शिस्त शिकवते, आणि ती शिस्त नीतीची पूर्वअट आहे. परंतु ज्या कादंबरीत एकाही फुलाचे वर्णन नाही आणि विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नाहीत याची नोंद आहे, तीही पाण्याच्या नीतीची कादंबरी आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याचा मोठा भाग या अर्थाने पर्यावरणनीतीचा दस्तऐवज आहे. त्याने ‘आपण’ हा शब्द सहजासहजी कधीच स्वीकारला नाही, कारण पाणवठ्यावरचा ‘आपण’ कोणाला वगळून बनलेला असतो, हे त्याला ठाऊक होते.

तेव्हा समीक्षेने संहितेला विचारायचे प्रश्न बदलले पाहिजेत. या वाक्यातील कर्ता कोण आणि तो का लोपला आहे? लेखक ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्याने कोणाला विचारले आहे? ‘मानव’ हा शब्द काढून त्या जागी नाव, गाव, कंपनी, खाते घातले, तर वाक्य टिकते का? निसर्गाच्या वतीने बोलणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला? हे प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील इतके साधे आहेत, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी व्याकरणाचे, शैलीविचाराचे आणि सामाजिक इतिहासाचे जे ज्ञान लागते, ते साहित्याच्या विद्यार्थ्याजवळ असते. पर्यावरणाच्या प्रश्नात साहित्याच्या अभ्यासकाने काय करावे, असे वारंवार विचारले जाते. विज्ञानाचे निष्कर्ष अलंकृत भाषेत पुन्हा सांगणे हे त्याचे काम नव्हे. जबाबदारी भाषेत कोठे लपते हे दाखविणे हे त्याचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही विद्याशाखेला तितक्या नेमकेपणाने करता येणार नाही.

मराठीत ‘आपण’ला आणखी एक उपयोग आहे. आदरार्थी द्वितीयपुरुष म्हणूनही हा शब्द येतो : ‘आपण यावे, आपण बसावे’. समोरच्याचा मान राखणे आणि त्याला स्वतःत सामील करून घेणे, या दोन्हींसाठी भाषेने एकच शब्द ठेवला आहे. त्यांचा क्रम मात्र उलटा करता येत नाही. ज्याचा मान राखला नाही, ज्याचा नकार ऐकून घेतला नाही, त्याला समावेशक ‘आपण’मध्ये ओढणे ही केवळ बळजबरी ठरते. मुळशीच्या शेतकऱ्याच्या बाबतीत ते झाले, नान्नजच्या माळावर झाले, आणि जागतिक परिषदांच्या ठरावांत आजही होत आहे. आधी ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांतील हिशेब मांडला गेला पाहिजे. तो पूर्ण चुकता होईपर्यंत कृती थांबविणे वातावरणाला परवडणारे नाही, हे खरे. परंतु हिशेब मांडण्यासच नकार देऊन केलेली कृती पुन्हा त्याच माणसांच्या जमिनीवरून जाईल, हेही तितकेच खरे आहे.